काळ्या मातीतला चुंबक

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी पांढरकवड्याला मामूंकडे जातो. मामूंचं वावर गावापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. यंदा माझ्या धाकट्याने सोबत एक वस्तू घेतली होती, बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेला गोल चुंबक. त्याने तो सुतळीला बांधला, धुऱ्याच्या कडेच्या कोरड्या फुफाट्यातून ओढत नेला आणि दहा मिनिटांत धावत परत आला.

“अब्बू, चुंबकाला दाढी आली!”

खरंच आली होती. काळ्या, बारीक कणांचे केसच्या केस चुंबकाच्या कडेला उभे राहिले होते. पोरगा खूश. पण खाटेवर बसलेल्या मामूंचा चेहरा उतरला.

“तीन साल झाले,” ते म्हणाले. “असाच चुंबक घेऊन एक जण आला होता. माझ्या डोळ्यांसमोर मातीत फिरवला, असेच कण काढून दाखवले अन् म्हणाला, चाचा, तुमच्या जमिनीत लोखंड फार झालं, म्हणून सोयाबीन पिवळं पडून राहिलं. दोन डबे देऊन गेला. अठराशे रुपये.”

“मग?”

“मग काय. सोयाबीन पिवळंच राहिलं.”

“अन् डबे अजून माळ्यावर पडले आहेत,” मामी आतून म्हणाल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मातीत लोखंड आहे हे तर डोळ्यांना दिसत होतं. मग तो माणूस खरं बोलला की खोटं? मला त्या वेळी धड उत्तर देता आलं नाही. सुट्टी संपल्यावर पुस्तकं काढली, माहीतगारांना विचारलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्या ते कामाचं आहे, आणि ज्यांच्या घरी फक्त लहान मुलं आणि एक चुंबक आहे त्यांच्याही.

दाढीचं मूळ खडकात

पांढरकवडा, यवतमाळ आणि तिथून पश्चिमेला थेट सह्याद्रीपर्यंत आपल्या पायाखाली जो काळा पत्थर आहे त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेला आणि थंड होऊन हा खडक बनला. वणी–पांढरकवडा पट्ट्यात शिबला-पार्डीजवळ या खडकाचे षटकोनी खांब आढळले, तेव्हा त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते. कुणी घडवल्यासारखे ते दिसतात, पण लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला, एवढंच त्यामागचं कारण.

या खडकात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे कण विखुरलेले असतात, बहुधा टायटॅनियम मिसळलेले. चुंबकाला चिकटतात ते हेच. खडक झिजतो, फुटतो, त्याची माती होते, पण हे कण कठीण असल्यामुळे बराच काळ टिकून राहतात. पाऊस पडून गेल्यावर नाल्याच्या रेतीत काळ्या रेघा उमटलेल्या आपण पाहिल्या असतील. पाणी हलकी रेती पुढे नेतं आणि हे जड कण मागे ठेवतं. तिथे चुंबक लावला तर दाढी नव्हे, झाडूच होतो.

मॅग्नेटाइटची आणखी एक खोड आहे. ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की ते आपली चुंबकता विसरतं आणि खाली थंड होताना त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा मनात धरून बसतं. म्हणजे लाव्ह्याचा प्रत्येक थर हा एक गोठलेला होकायंत्र आहे. १९५०च्या दशकात लंडनमध्ये नोबेल विजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातील संशोधकांनी दख्खनचे खडक तपासले. १९५६ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्याने अनेकांची झोप उडवली. या खडकांतल्या सुया अशा कोनात कललेल्या होत्या की ते बनले तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असली पाहिजे. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आदींनी हे काम पुढे नेलं. खंड सरकतात ही गोष्ट तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांना पटत नव्हती. ती पटवून देणाऱ्या साक्षीदारांत आपला हा काळा पत्थर आहे. बऱ्याच थरांतल्या सुया तर आजच्या उलट, दक्षिणेकडे तोंड करून आहेत, कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते.

किब्लानुमा आणि काळा पत्थर

इथे थोडं विषयांतर करतो, कारण प्रश्न प्रत्येक घरातला आहे. नव्या घरात, प्रवासात किंवा शेतावर नमाजची दिशा पाहायला आपण किब्लानुमा किंवा मोबाइलमधला कंपास काढतो. चुंबकसुईने किब्ला शोधण्याची रीत जुनी आहे. येमेनचा अल-अश्रफ उमर, जो पुढे तिथला सुलतान झाला, त्याने १२९०च्या सुमारास पाण्याच्या वाटीत तरंगणाऱ्या सुईने किब्ला कसा काढायचा हे लिहून ठेवलं. पांढरकवड्याहून मक्केची दिशा ठीक पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे ९ अंश येते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्या भागात एक अंशाचाही फरक नाही, ही सोयीची गोष्ट.

पण सुई फक्त पृथ्वीचं ऐकत नाही. जवळ जे चुंबकीय असेल त्याचंही ऐकते. लोखंडी खाट, छतातल्या सळया, मोबाइलच्या कव्हरमधला चुंबक हे तर झालंच, पण काळ्या पत्थराची भिंत किंवा मोठा दगड असेल तरी सुई थोडी हलू शकते. ज्या खडकावर कधी वीज पडली असेल तो तर फारच जोरात चुंबकीय झालेला असतो. म्हणून दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे सरकून तीन ठिकाणी दिशा पाहावी. तिन्ही जुळल्या तर ठीक.

हा पत्थर किती त्रासदायक ठरू शकतो याचा दाखला अलिबागला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेतली जात असे. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे दिसताच संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवलं गेलं आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. तिथल्या इमारतीला आसपासचा काळा दगड वापरलेला नाही. त्यात चुंबकत्व नाही अशी खात्री करून घेतलेला वालुकाश्म थेट पोरबंदरहून आणला.

माती स्वतःही चुंबक बनवते

इथपर्यंत सगळं खडकाचं देणं झालं. पण १९५५ साली फ्रान्समध्ये ल बोर्न नावाच्या संशोधकाने एक वेगळीच गोष्ट दाखवली. खालचा खडक चुंबकीय नसला तरी वरच्या वीतभर मातीत चुंबकता खालच्या मातीपेक्षा जास्त आढळते. म्हणजे माती हे कण फक्त वारशाने घेत नाही, स्वतः घडवतेही.

कसे? पाऊस पडला, माती ओली झाली, तिच्यातले सूक्ष्मजीव कुजणारा पालापाचोळा खाऊ लागले, थोडा वेळ हवा कमी पडली. त्या वेळी गंजासारखं जे लोह मातीत असतं त्याचा थोडा भाग विरघळतो. मग ऊन पडतं, माती वाळते, हवा परत आत शिरते आणि तेच लोह पुन्हा घट्ट होताना त्याचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण बनतात. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असा खेळ हजारो वर्षं चालला की वरची माती चुंबकीय होत जाते. हे कण इतके बारीक की मुलांच्या चुंबकाला ते एकेकटे दिसायचे नाहीत. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी वेगळं यंत्र लागतं. खडकातून आलेले जाडे कण आणि मातीत जन्मलेले बारीक कण यांत फरक करता येतो, कारण यंत्रातल्या क्षेत्राची कंपनसंख्या बदलली की बारीक कणांचं उत्तर बदलतं, जाड्यांचं फारसं बदलत नाही.

चीनमध्ये वाऱ्याने आणलेल्या पिवळ्या मातीचे शेकडो फूट जाड थर आहेत. १९८०च्या दशकात फ्रीडरिश हेलर आणि ल्यू तुंगशेंग यांनी त्यांची चुंबकता वरपासून खालपर्यंत मोजली. जिथे जास्त चुंबकता, तिथे त्या काळी पाऊस चांगला. जिथे कमी, तिथे थंड आणि कोरडा काळ. सुमारे पंचवीस लाख वर्षांच्या पावसाळ्यांची वही त्यातून वाचता आली. आपल्याकडच्या नोंदवहीत शंभर-दीडशे वर्षांचा पाऊस मिळाला तरी आपण धन्य मानतो.

पण म्हणून ‘पाऊस जास्त तर चुंबकता जास्त’ असं सूत्र पाठ करून ठेवू नका. पाणी साचून राहिलं की उलटं होतं. हवा बंद झालेल्या चिखलात मॅग्नेटाइटसुद्धा हळूहळू विरघळतं आणि माती राखाडी, निळसर होते. सैबेरिया आणि अलास्काच्या ओलसर थंड प्रदेशात अशाच मातीच्या थरांनी चीनच्या अगदी विरुद्ध साक्ष दिली. आपल्याकडे फार दूर जायला नको. पूर्वेला झाडीपट्टीतल्या धानाच्या बांध्यांत महिनोन्‌महिने पाणी उभं असतं. तिथला खडक वेगळा आहेच, पण पाण्याखालचा चिखलही चुंबकता खातो.

पांढरकवड्याच्या शिवारातही हा फरक सापडतो. उंचावरच्या बरड जमिनीत पाणी थांबत नाही, माती तांबूस, मुरमाड. सखल भागात भारी काळी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. एकाच खडकाची ही दोन लेकरं. निचऱ्याच्या तांबड्या जमिनीत सहसा चुंबकता जास्त टिकते आणि सखल काळीत कमी. शिवाय काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसाळ्यात फुगून खालची वर येते. ती स्वतःलाच नांगरत असते. त्यामुळे वरची माती आणि खालची माती हा भेद तिच्यात पुसट होतो. माती काळी म्हणजे तिच्यात लोखंड किंवा खत जास्त, अशी एक समजूत आहे. तीही खरी नाही. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बेताचाच असतो. जो थोडा असतो तो तिच्या चिकणमातीला घट्ट बिलगून बसतो आणि रंग गडद करतो.

चुलीची राख, गावाची पांढर

आगही हे काम करते, आणि पावसापेक्षा फार लवकर. पालापाचोळा जळताना हवा कमी पडते, उष्णता वाढते आणि मातीतला गंज काही तासांत चुंबकीय होतो. पऱ्हाट्या जिथे दरवर्षी ढीग करून जाळतात तिथली माती मुलांना तपासायला सांगा.

आपल्या जुन्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. पिकते ती काळी आणि जिथे घरं उभी राहतात ती पांढर. पांढरकवड्याच्या नावातही पांढर आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुली, राख, पडलेल्या भिंती, शेण, कुंभाराचे आवे यांनी पांढर बनते. पुरातत्त्ववाल्यांना अशी पांढरी टेकाडं म्हणजे खजिना. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजने जे मोठं उत्खनन केलं त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली आणि कुंभाराची भट्टी निघाली. त्याचा अहवाल १९८८ साली ढवळीकर, सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी या तिघांच्या नावाने आला. अन्सारीसाहेबांचं नाव आपल्या घरांत फारसं घेतलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

भट्टी अशी असते की तिच्यातली माती तापून थंड होताना लाव्ह्यासारखीच त्या दिवसाची दिशा धरून ठेवते. १९५८ साली इंग्लंडमध्ये मार्टिन एटकेन यांनी चुंबकमापी घेऊन शेतात फिरून जमिनीखालच्या रोमन काळातल्या भट्ट्या न खणता शोधल्या. आपल्याकडे हे अवघड जातं. खालचा पत्थरच इतका चुंबकीय की त्याच्या गोंगाटात चुलीचा आवाज ऐकू येत नाही.

गोंगाट वाढवणारे आता आणखीही आहेत. दगडी कोळसा जळतो तेव्हा राखेत लोहाचे सूक्ष्म गोल मणी तयार होतात आणि धुराबरोबर दूर जातात. वाहनांच्या ब्रेकमधून, इंजिनातून लोहकण उडतात. पांढरकवड्याला लागून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, पूर्वेला चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र आहे. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवरची धूळ चुंबकाने मोजून हवा किती खराब हे ठरवायची पद्धत जगात अनेक शहरांत वापरली जाते. महामार्गाकडच्या खिडकीची धूळ आणि मागच्या अंगणाची धूळ वेगवेगळ्या कागदावर घेऊन पाहा. मात्र हे काम तोंडाला रुमाल बांधून करा, आणि लहानांना करू देऊ नका.

मामूंच्या सोयाबीनचं काय?

आता त्या अठराशे रुपयांकडे येऊ. चुंबकाला चिकटलेले कण लोहाचे होते, यात खोट नव्हती. खोट पुढच्या वाक्यात होती. बेसाल्टच्या मातीत एकूण लोह भरपूर असतं, पण ते मॅग्नेटाइटच्या, गंजाच्या रूपात बंद पेटीत असतं. पिकाला लागतं ते मुळांना शोषता येईल असं लोह, आणि ते किलोभर मातीत मिलिग्रॅममध्ये मोजतात. किलोमागे साडेचार मिलिग्रॅमपेक्षा कमी निघालं तर कमतरता समजतात. चुनखडीच्या, विम्ल जमिनीत, म्हणजे जिचा सामू आठच्या वर आहे तिथे, पेटीला आणखी एक कुलूप लागतं. कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. हे लोह जास्त झाल्याचं नव्हे, कमी पडल्याचं लक्षण.

मामूंना मी विचारलं, “पानं कशी पिवळी पडली होती? सगळी, की शेंड्याची?”

“शेंड्याची. शिरा हिरव्या होत्या.”

म्हणजे त्या माणसाने रोग नेमका उलटा सांगितला होता. चुंबक दाखवून त्याने जे सिद्ध केलं त्याचा पिकाशी काही संबंध नव्हता. आपल्या भागात कुणाच्याही वावरात चुंबक फिरवला तरी असेच कण निघतील, पीक हिरवं असो की पिवळं. २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर तरी धुऱ्यावर येऊन डबा विकणाऱ्याचा डबा सहज घ्यायला नको होता, असं मी मामूंना म्हणालो. ते गप्प राहिले. मामी म्हणाल्या, “म्या तवाच म्हटलं होतं.”

मुळांना किती लोह मिळतं हे मातीच्या तपासणीत कळतं. मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर लोह, जस्त, तांबे आणि मँगनीजही. नमुना घेताना धुरा, खताचा ढीग, झाडाची सावली आणि पऱ्हाटी जाळलेली जागा सोडायची. पिकाच्या ओळींमधून सात-आठ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा वीतभर खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडायची, मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचं, शेवटी अर्धा किलो उरते ती कापडी पिशवीत. कमतरता निघाली तर हिराकस देतात, बहुधा फवारणीतून. किती आणि कधी, ते कृषी सहायकाला किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या केंद्राला विचारून.

मग चुंबक अगदीच निकामी का? मातीच्या बाबतीत एक काम तो फार चांगलं करतो. वरची माती कुठे गेली ते सांगतो. १९७५ साली उत्तर आयर्लंडमधल्या लॉक नेय तळ्याच्या गाळाची चुंबकता मोजली गेली, तेव्हा आसपासची झाडं तोडून शेती वाढली त्या काळातले थर जास्त चुंबकीय निघाले. शेतांवरची माती वाहून तळ्यात आली होती. तेव्हापासून जगभर तळी, धरणं, नद्यांचे गाळ असे वाचले जातात.

निघायच्या आदल्या दिवशी धाकट्याने चार कागद मांडले. एकावर बरडावरची माती, दुसऱ्यावर सखल वावरातली, तिसऱ्यावर नाल्यातली रेती, चौथ्यावर तलावातला वाळलेला गाळ. चुंबक पॉलिथिनच्या पिशवीत घातला होता, म्हणजे कण काढायला पिशवी उलटी केली की झालं. सगळ्यांत मोठी दाढी रेतीला, मग बरडाला, मग काळीला. गाळाला जेमतेम मिशा फुटल्या. मामूंना आश्चर्य वाटलं, गाळ तर शेतातलाच ना? मी त्यांना सांगितलं की जड कण तलावाच्या तोंडाशीच बसतात, आत पोचते ती मऊ चिकणमाती, आणि पाण्याखाली राहून तिच्यातले कण विरघळतातही.

“म्हणजे मऊ माती तलावात अन् रेती माझ्या नाल्यात,” मामू म्हणाले. मग उठून त्यांनी टोपी घातली, बरडाच्या उतारावर गेले आणि मागच्या पावसात धुरा कुठे कुठे फुटला होता ते धाकट्याला दाखवू लागले. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून तीन ठिकाणी दगड रचले. मातीच्या नमुन्याची पिशवी मी सोबत यवतमाळला आणली आहे.